प्रश्नपेटी : ‘मध्यम’ म्हणजे नेमके किती अवघड?

मे-जूनमधल्या हिमालयातल्या ट्रेकची नावनोंदणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. घाटवाटा मागे पडतात आणि खिंडींची चौकशी सुरू होते. या वेळी उत्तराखंडातल्या धौल्याहून निघून हिमाचलातल्या सांगल्याला उतरणाऱ्या रुपिन खिंडीविषयी इतकी पत्रे आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवावे लागले. पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग असे ट्रेक गेली बारा-पंधरा वर्षे करीत आहे. गेल्या डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठाही झाला आणि तिथे मला काहीच त्रास झाला नाही. यंदा १९ वर्षांच्या मुलीला घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात रुपिन खिंडीला जाण्याचा विचार आहे. एका संस्थेच्या पत्रकात हा ट्रेक ‘मध्यम’ लिहिला आहे, दुसरीच्या पत्रकात ‘मध्यम ते कठीण’, आणि एक मित्र म्हणतो, ‘केदारकंठा झाला ना, मग हाही होईल.’ खरे कोणाचे मानायचे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तिघांचेही आपापल्या परीने खरे असू शकते, कारण तिघेही निरनिराळी गोष्ट मोजत आहेत. ट्रेकची प्रतवारी लावण्यासाठी आपल्याकडे सर्वांनी मानलेली एकच मोजपट्टी नाही. ‘सोपा’, ‘मध्यम’, ‘कठीण’ ही विशेषणे प्रत्येक आयोजक आपल्या अंदाजाने लावतो आणि ती लावताना त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रोजची चाल, चढण आणि पाठीवरचे ओझे एवढेच असते. म्हणजे पत्रकातले विशेषण काठिण्याचे असते, धोक्याचे नसते. आणि खिंडीच्या ट्रेकमध्ये या दोहोंची गल्लत महागात पडते.

आपल्याच अनुभवातले उदाहरण घेऊ. मदनगडावर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी दोर लावून कातळ चढताना काठिण्य आणि धोका दोन्ही एकाच ठिकाणी, अगदी हाताखाली असतात. तो टप्पा संपला की दोन्ही ओसरतात, आणि मुक्कामावर कोणाला ताप भरलाच, तर पायथ्याचे आंबेवाडी गाव काही तासांच्या अंतरावर असते. याउलट नेपाळातली ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड चालायला मुळीच बिकट नाही. वाट रुळलेली आहे, तिच्यावरून खेचरे जातात, ठिकठिकाणी राहण्या-जेवण्याची सोय आहे. तरीही १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचा उरलासुरला जोर दोन दिवसांनी तिथे पोचला, तेव्हा त्या परिसरात हिमवादळ आणि हिमप्रपात यांत चाळीसहून अधिक माणसे दगावली. वादळाने गाठले तेव्हा त्यांतले बरेच जण खिंडीच्या माथ्याजवळ किंवा पलीकडच्या उतारावर होते. पायांना सोपी असलेली वाट अशी जिवावर बेतू शकते.

आता रुपिनची वाट उंचीच्या अंगाने मांडून पाहू. धौला हे गाव साधारण कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे. आपल्याकडे जिथे चढ संपतो, तिथे हा ट्रेक सुरू होतो. सेवा, जिसकून ही गावे मागे टाकत आपण डोंगराच्या कुशीला टांगल्यासारख्या वसलेल्या जाख्याला पोचतो, त्याची उंची सुमारे २,६५० मीटर. वस्ती इथे संपते. पुढे मेंढपाळांची कुरणे लागतात, त्यांना तिकडे थाच म्हणतात. सुरुवास थाचावरून पुढे सुमारे ३,५५० मीटरवरच्या धंदेरास थाचाला आलो, की तीन टप्प्यांत कोसळणारा रुपिनचा धबधबा समोर येतो. त्यानंतरचा मुक्काम धबधब्याच्या डोक्यावर, सुमारे ४,००० मीटरवर असतो. खिंड ४,६५० मीटरवर आहे. ती ओलांडून त्याच दिवशी पलीकडे पुन्हा ४,००० मीटरच्या आसपास रोंटी गाड या ओढ्याशी उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी तेराशे मीटर उतरून सांगला गाठायचे.

या आकड्यांत माथ्याच्या उंचीपेक्षा झोपण्याची उंची महत्त्वाची आहे. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीपासून पुढच्या रात्रीपर्यंत ५०० मीटरहून अधिक चढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. रुपिनच्या वाटेवर जाख्यानंतर झोपण्याची उंची रोज साधारण ४५० मीटरने वाढते, म्हणजे हा हिशेब काठावर पास होतो. म्हणूनच धंदेरासला एक दिवस विश्रांतीचा ठेवलेला असणे आवश्यक आहे, आणि सुट्या वाचवण्यासाठी तो दिवस गाळलेला कार्यक्रम कोणी दाखवला, तर पत्रकातले विशेषण काहीही असो, मी त्याला नकार देईन. केदारकंठ्यावर आपल्याला त्रास झाला नाही याचे कारणही यातच आहे. त्याचा माथा ३,८०० मीटरचा असला, तरी तिथे आपण पहाटे चढून थोडा वेळ थांबला असाल आणि झोपायला खाली आला असाल. त्या अनुभवावरून थंडीत आणि बर्फात आपण चालू शकता एवढे नक्की कळते. ४,००० मीटरवर रात्र काढल्यावर आपले डोके दुखेल की नाही, हे कळत नाही.

तरीही हा सारा हिशेब बरोबर निघाला म्हणून धोका मोजून झाला, असे नाही. विरळ हवेच्या गंभीर त्रासावर हमखास उपाय एकच आहे, तो म्हणजे वेळ न दवडता खाली उतरणे. शिखरावर जाऊन आल्या वाटेने परतायच्या ट्रेकमध्ये ‘खाली’ म्हणजे ‘मागे’, त्यामुळे घाबरलेल्या माणसाचे पायही योग्य दिशेलाच वळतात. खिंडीच्या ट्रेकमध्ये असे होत नाही. धबधब्यावरच्या मुक्कामावरून सांगल्याला उतरण्याची वाट आधी साडेसहाशे मीटर वर जाते. मुक्कामावर एखाद्याला बरे वाटत नसेल, तर ‘आता उद्या खिंड झाली की उतरायचेच आहे’ हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो, कारण मागे जाणे म्हणजे धबधब्याच्या कडेची उभी उतरण, पुन्हा धंदेरास, पुन्हा जाखा, आणि पाच-सहा दिवसांची मेहनत पाण्यात. त्या क्षणी तो विचार अगदी शहाणपणाचा वाटतो. पण आजारी माणसाला खाली नेण्यासाठी आधी वर चढवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात नेण्यासारखे आहे. धबधब्याकडून उतरून धंदेरासला आणले, तर दोन-तीन तासांत साडेचारशे मीटर कमी होतात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच माणूस सावरतो.

खिंडीखालची नाळ ही दुसरी अडचण. रता फेरीच्या पुढे शेवटची चढण एका अरुंद घळीतून आहे. आपण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेला असाल, तर त्या जातीची चढण डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच, की जूनच्या सुरुवातीला ही घळ बर्फाने भरलेली असते. मार्गदर्शक पुढे राहून बर्फात बुटांनी पायऱ्या पाडतो आणि मागची रांग त्याच पायऱ्यांवर पाय ठेवत चढते. पहाटे बर्फ घट्ट असतो, तेव्हा बुटांना मायक्रोस्पाइक्स (तळव्याखाली बसवायचे टोकदार दाते) लावून ही चढण व्यवस्थित होते. उन्हे आली की बर्फ भुसभुशीत होतो, वरचे दगड सुटू लागतात, आणि रांगेतला एक घसरला तर खालच्या दोघांना घेऊन जातो. या नाळेत अर्ध्यावरून परत फिरणे चढण्यापेक्षा वाईट. म्हणून पुढे जायचे की मागे, हा निर्णय नाळेच्या तोंडाशी घेण्यात अर्थ नसतो. तो धबधब्यावरच्या मुक्कामात, पहाटे तीन वाजता, बूट चढवण्याआधी घ्यायचा असतो. रात्री जेवण गेले का, डोके दुखते आहे का, दुखत असेल तर गोळीने थांबले का, आणि सरळ रेषेत चालता येते का, एवढ्याच प्रश्नांची खरी उत्तरे त्या वेळी मिळावी लागतात.

आपण मत मागितले आहे म्हणून सांगतो. आपल्यासाठी हा ट्रेक काठिण्याने ‘मध्यम’च्या थोडा वर आहे आणि तो आपल्या आवाक्यातला आहे. धोका कमी-जास्त होणे बरेचसे कार्यक्रमावर आणि पथकावर अवलंबून राहील. कन्येने यापूर्वी ३,००० मीटरच्या वर मुक्काम केला आहे की नाही, हे पत्रात नाही. केला नसेल, तर हा तिचा पहिला अनुभव ठरू नये, असे मला वाटते. तरुण वय विरळ हवेपासून संरक्षण देत नाही. आणखी एक गोष्ट घरीच ठरवून निघा. दोघांपैकी एकाला मागे फिरावे लागले तर दुसऱ्याने काय करायचे? वडिलांसाठी मुलगी त्रास लपवते आणि मुलीचा बेत मोडू नये म्हणून वडील लपवतात, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

प्रश्न : रुपिन लांबचा वाटतो, म्हणून हाम्पटा खिंड करावी असे ठरले आहे. ती ‘सोपी ते मध्यम’ समजली जाते. मुंबईहून विमानाने चंडीगढ, तिथून रात्रीच्या बसने मनाली आणि त्याच दिवशी ट्रेक सुरू, असा कार्यक्रम आहे. सोबत बहीण आणि मेहुणे असतील. यात काही वावगे आहे का? – एक वाचिका, वाशी

उत्तर : खिंडीच्या निवडीत नाही, कार्यक्रमात आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथून गाडी जोबऱ्यापर्यंत जाते, आणि आपण पहिली रात्र ३,१०० मीटरच्या चिक्याला, दुसरी ३,६०० मीटरच्या बालू का घेऱ्याला काढून तिसऱ्या दिवशी ४,२७० मीटरच्या खिंडीवर असता. आदल्या संध्याकाळी समुद्रकाठी असलेले शरीर चौथ्या दिवशी तिथे पोचते. रुपिनच्या वाटेने ही उंची गाठायला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, तेव्हा पायांना सोपी असलेली हाम्पटा फुप्फुसांना रुपिनपेक्षा अधिक घाईची आहे.

काही वर्षांपूर्वी बालू का घेऱ्याला आमच्या शेजारच्या तंबूत पुण्याचा एक तरुण होता, मॅरेथॉन धावणारा, दिवसभर सर्वांच्या पुढे. संध्याकाळी तो दगडावर बसून बुटाची नाडी बांधताना दिसला. मी पाणी भरून आलो तरी तो तीच नाडी बांधत होता. विचारले, तर म्हणाला, ‘काही नाही, बोटे गारठलीत.’ त्याला तंबूच्या ताणलेल्या दोरीलगत, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत दहा पावले चालायला सांगितले; चौथ्या पावलाला तो कलंडला आणि हसला. त्याच्या पथकाचा मार्गदर्शक ‘झोप काढली की सकाळी ठीक होईल’ म्हणत होता. तोल जाणे, हातांनी साधे काम न जमणे आणि बोलणे संथ होणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची लक्षणे असतात. अशा माणसाला झोपू देणे हीच सर्वांत घातक गोष्ट. दोघांनी बखोटीला धरून त्याला अंधारातच चिक्याला उतरवले. चिका जवळ आले, तेव्हा ‘इथे ओढा आहे, जपून’ असे तोच आम्हाला सांगू लागला होता.

आपण मनालीत दोन रात्री काढा, मधल्या दिवशी गाडीने न फिरता आसपास पायी थोडे चढून या, आणि खिंडीसाठी एक दिवस राखीव ठेवा. खिंडीपलीकडच्या छत्रूला गाडीरस्ता आहे, ही या ट्रेकची मोठी जमेची बाजू. तिथवर पोचलेल्या माणसाला निदान वाहन मिळते.

प्रश्न : रुपिनसाठी जून चांगला की ऑक्टोबर? ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते आणि बर्फ नसतो, म्हणून तो महिना अधिक सुरक्षित, असे ऐकले. – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही महिन्यांत धोका असतो, फक्त त्याची जात बदलते. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत नाळेत बर्फ असतो आणि नदीवर हिमपूल असतात. हे पूल वरून भक्कम दिसले तरी खालून पाण्याने पोखरलेले असतात, आणि जसजसा जून सरतो तसतसे ते पातळ होत जातात. म्हणून मार्गदर्शक जिथून जाईल तिथूनच आणि एका वेळी एकाच माणसाने जावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात बर्फ गेलेला असतो, पण त्याने धरून ठेवलेले दगडही मोकळे झालेले असतात, आणि बर्फाच्या पायऱ्यांऐवजी नाळेत पायाखालून सरकणारा मुरूम आणि धोंडे येतात. माझ्या मते बर्फात चालण्याचे थोडे शिक्षण घेतलेल्याला जूनच बरा.

ऑक्टोबरचा खरा धोका म्हणजे हंगाम एका रात्रीत उलटतो. २०२१ च्या ऑक्टोबरात हर्षिलहून छितकुलला जाणाऱ्या लमखागा खिंडीच्या वाटेवर अचानक आलेल्या बर्फात सापडून अनेक ट्रेकर दगावले. लमखागा उतरते ती सांगल्याच्याच बास्पा खोऱ्यात. म्हणजे रुपिनहून फार लांबची ही गोष्ट नाही. मात्र जून निर्धोक, असाही याचा अर्थ नाही. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उत्तरकाशीजवळच्या सहस्रतालाच्या वाटेवर बहुतेक ट्रेकर कर्नाटकातले असलेल्या २२ जणांच्या पथकाला हिमवादळाने गाठले आणि त्यांतले नऊ जण परतले नाहीत. अशा वेळी बर्फापेक्षाही ओल्या कपड्यांवरचा वारा माणसाला लवकर संपवतो. वाऱ्या-पावसाचा कोट आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड खेचरावर लादलेल्या सामानात न टाकता स्वतःच्या पाठपिशवीत ठेवावा, तो यासाठी. जुलै-ऑगस्टचा विचार करू नये. पावसात धौल्याकडचे रस्ते दरडींनी बंद पडतात.

प्रश्न : वय ५२, रक्तदाबाची गोळी रोज घेतो, दाब नियंत्रणात आहे. उंचीवर जाताना डायमॉक्स घ्यावी का? आमच्या गटातले काही जण कापूर हुंगतात, काही लसूण खातात, तर काही होमिओपॅथीची कोका ३० घेतात. ऑक्सिमीटरही विकत घेतला आहे. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण त्याने रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसूण आमटीत उत्तम. कोका ३० ने विरळ हवेचा त्रास टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. या गोष्टींनी थेट अपाय होत नाही, पण ‘मी औषध घेतले आहे’ या समाधानात माणूस डोकेदुखीकडे दुर्लक्ष करतो, ही त्यांची खरी किंमत.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, हे मात्र काम करणारे औषध आहे. ते श्वासाचा वेग वाढवून शरीराला विरळ हवेची सवय लवकर लावते. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे, वरचेवर लघवीला जावे लागणे आणि सोड्याची चव पाणचट लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम. आपल्या बाबतीत दोन गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: सल्फा गटातल्या औषधांची कधी अ‍ॅलर्जी आली होती का, आणि आपली रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी आहे का. तशी असेल, तर दोन्ही मिळून शरीरातले पाणी आणि क्षार कमी होऊ शकतात. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. घरीच दोन दिवस डायमॉक्स घेऊन पाहावी, म्हणजे मुंग्या कशाच्या ते आधीच ठाऊक होते.

ऑक्सिमीटर असू द्या, पण तो सर्वस्व मानू नका. ४,००० मीटरवर धडधाकट माणसाचे आकडेही ऐंशी ते नव्वदच्या दरम्यान दिसतात, आणि गारठलेल्या किंवा नखपॉलिश लावलेल्या बोटावर ते आणखीच भलते येतात. एकाच माणसाचा आकडा रोज त्याच वेळी, बोटे ऊबदार करून, पाच मिनिटे शांत बसल्यावर पाहिला तर उतरता कल कळतो. आकड्यापेक्षा खोकल्याकडे लक्ष ठेवा. बसल्या जागी धाप लागणे, आडवे होता न येणे आणि कोरड्या खोकल्याचे ओल्या खोकल्यात रूपांतर होणे, म्हणजे फुप्फुसात पाणी साचू लागले आहे. हे बहुधा रात्री वाढते, आणि त्याला सर्दी समजून वाफ देत बसण्यात मोलाचे तास जातात. झोपेच्या गोळ्या आणि मद्य उंचीवर वर्ज्य.

प्रश्न : तयारीसाठी दोन महिने आहेत. जिम पुरेशी आहे का? – एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्याला सिंहगड जवळ असताना जिम कशाला? आतकरवाडीच्या वाटेने आठवड्यातून एकदा, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढा. महिन्याभरानंतर त्याच दिवशी लागोपाठ दोनदा चढा-उतरा. चढण्याइतकीच उतरण्याची सवय हवी, कारण खिंडीनंतर सांगल्यापर्यंत उतारच उतार आहे, आणि सराव नसलेल्यांचे गुडघे तिथे बोलू लागतात. नवे बूट नेऊ नका. सरावाने दम वाढतो, विरळ हवेचा त्रास टळत नाही. उलट दम असलेली माणसे भराभर चढतात आणि म्हणून कधी कधी आधी आजारी पडतात.

प्रश्न : आमचा २२ वर्षांचा मुलगा एका संस्थेबरोबर रुपिनला निघाला आहे. आम्ही दोघे कधी किल्ल्यावरही गेलेलो नाही. संस्थेला काय विचारावे आणि घरी बसून काय करावे? – एक पालक, रत्नागिरी

उत्तर : विरळ हवेची माहिती नसतानाही विचारता येतील असे प्रश्न पुष्कळ आहेत, आणि त्यांची उत्तरे कशी दिली जातात यावरूनच बरेच कळते. खिंडीच्या दिवशी किती ट्रेकरमागे किती मार्गदर्शक असतात, आणि एका आजाऱ्याला घेऊन एक मार्गदर्शक मागे फिरला तर उरलेल्यांबरोबर कोण राहतो? मागे फिरण्याचा निर्णय कोण घेते, आणि तो घेतल्याबद्दल त्याला कार्यालयातून जाब विचारला जातो का? पथकप्रमुखाने उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतले आहे का? ऑक्सिजनचे सिलिंडर धबधब्यावरच्या मुक्कामापर्यंत बरोबर असते, की जाख्याला ठेवतात? राखीव दिवस आहे का? ‘आजवर आमच्याकडे कोणालाच काही झालेले नाही’ असे उत्तर आले, तर सावध व्हा. इतकी वर्षे खिंडीवर माणसे नेणाऱ्याने एकालाही खाली उतरवले नसेल, तर त्याने ती वेळ ओळखलीच नसेल, असे मी समजेन. जमल्यास हमालांचा विमा आणि त्यांचे बूट याविषयीही विचारा. जी संस्था ओझेवाल्याच्या पायांची काळजी घेते, ती बहुधा आपल्या मुलाचीही घेते.

विम्याची कागदपत्रे स्वतः वाचा. नेहमीच्या आरोग्यविम्यात गिर्यारोहणासारख्या गोष्टी पुष्कळदा वगळलेल्या असतात, आणि साहसी प्रवासाचा विमा असेल तर त्यात उंचीची मर्यादा घातलेली असू शकते. ती ४,६५० मीटरच्या वर आहे ना, एवढे पाहा. हेलिकॉप्टर मागवले की आले, असे डोंगरात होत नाही. हवा, उतरण्याजोगी सपाट जागा आणि शासकीय यंत्रणा, तिन्ही जुळून यावे लागते.

उपग्रह फोन असेल ना, असे पालक नेहमी विचारतात. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून तो बाळगता येत नाही, तेव्हा एखादी संस्था तसा फोन नाही म्हणाली, तर ती खरे बोलत आहे. जाखा सोडल्यापासून सांगल्यात उतरेपर्यंत मोबाइल लागेल असे गृहीत धरू नका. मधल्या काळातला निरोप बहुधा माणूसच चालत घेऊन येतो. मुलाकडून रोजचा मुक्काम, राखीव दिवस धरून सांगल्याला पोचण्याची तारीख, पथकप्रमुखाचा आणि संस्थेच्या कार्यालयाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. जाख्यानंतरचे चार-पाच दिवस फोन आला नाही म्हणून घाबरू नका. ठरलेल्या दिवशी फोन आला नाही, तरी एक दिवस थांबा, कारण हवामान पाहून धबधब्यावर एक रात्र जादा काढणे हे चांगल्या पथकाचे लक्षण आहे. राखीव दिवसाच्या संध्याकाळपर्यंतही काही कळले नाही, तर आधी संस्थेच्या कार्यालयाला विचारा, आणि तिथून समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर किन्नौर, शिमला आणि उत्तरकाशी या तिन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षांना कळवा. पथक खिंडीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तोवर कोणालाच ठाऊक नसते.